चॅपमनचं नावही निघत नाही

महोदय,

फुटबॉल प्रशिक्षकांची चर्चा निघाली की गाडी मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनच्या आधीच्या काळात जातच नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लिश प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमनचं नाव कुणी काढत नाही, याचं वाईट वाटतं. यॉर्कशायरच्या खाणकामगाराचा हा मुलगा खेळाडू म्हणून बेताचाच. क्लब बदलत राहिला. लोकांच्या लक्षात राहिले ते त्याचे पिवळे बूट! १९०७मध्ये नॉर्दम्प्टन क्लबने त्याला खेळाडू-व्यवस्थापक केलं आणि तळाला रुतलेल्या त्या संघाने १९०९मध्ये सदर्न लीग जिंकली. पुढे लीड्स सिटी क्लबातल्या पैशांच्या भानगडीत त्याच्यावर बंदीही आली, ती नंतर उठली. मग हडर्सफील्ड क्लबला लागोपाठ दोन लीग विजेतेपदं आणि १९२५पासून लंडनचा आर्सेनल क्लब. त्याच वर्षी ऑफसाइडचा (बचावफळीमागे आधीच जाऊन चेंडू घेण्याला रोखणारा) नियम सैल झाला आणि हल्ला करणं सोपं झालं; चॅपमनने सेंटर-हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, मागे खेचून बचावात तिसरा गडी उभा केला. मैदानाशेजारच्या भुयारी रेल्वेच्या 'गिलेस्पी रोड' स्थानकाचं नावही १९३२मध्ये 'आर्सेनल' करून घेतलं. असा खटपट्या माणूस! जानेवारी १९३४मध्ये सर्दी अंगावर काढत तो क्लबच्या तिसऱ्या संघाचा सामना बघायला गेला. न्यूमोनियाने गेला तेव्हा वय अवघं ५५, आणि आर्सेनल लीगमध्ये अव्वल.

– एक वाचक, मिरज