‘कनवाळू’ हे विशेषण अपुरे

बर्टन ब्लॅट यांच्यावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात विशेष शिक्षण विभागाचे प्रमुख, पुढे अधिष्ठाता, ही पदांची जंत्री बरोबर आहे. पण ‘दिव्यांगांचे कनवाळू कैवारी’ हे वर्णन खटकले. १९६५च्या नाताळात ब्लॅट आणि छायाचित्रकार फ्रेड कॅप्लन यांनी बौद्धिक दिव्यांगांना ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी निवासी संस्थांमध्ये जाऊन, कमरपट्ट्याला लपवलेल्या कॅमेऱ्याने तिथली दैना टिपली. कुलूपबंद दारे, उघडीनागडी माणसे, रिकाम्या भिंती. पुढच्याच वर्षी ती छायाचित्रे पुस्तकरूपाने आली. याला कणव म्हणत नाहीत. हे पुरावे गोळा करणे झाले, आणि तेही एका प्राध्यापकाने!

लेखात पूर्ण सुटलेली बाब वेगळीच आहे. ब्लॅट यांनी आपले मत बदलले. संस्था सुधारता येतील, असे त्यांना आधी वाटे. सत्तरच्या दशकात ते त्याच संस्था पुन्हा पाहून आले. खर्च वाढला होता, आतले जगणे मात्र समाजापासून तुटलेलेच होते. मग त्या रिकाम्याच करा, अशी भूमिका त्यांनी १९७९मध्ये जाहीरपणे मांडली. पदांची यादी थोडी आखडून या बदलाला दोन ओळी द्यायला हव्या होत्या.

– एक विशेष शिक्षक