रात्रीचे खड्डे थांबवा

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात नांगरटीनंतर ढेकळं फोडताना हिरवट पडलेली तांब्याची चकती हाताला लागली. मी चिंचेने घासायला निघालो, तर थोरल्या मुलीने हात धरला. घासलं की अक्षरं जातात, म्हणाली. नुसत्या पाण्यात भिजवून ठेवली, तेव्हा हळूहळू साल उमटलं, १८३५. कंपनी सरकारचा पाव आणा! अशा चौसष्टांचा एक रुपया व्हायचा. माझ्या खापरपणज्याच्या कनवटीचा तर नसेल?

बातमी गावभर झाली आणि मेटल डिटेक्टर घेऊन अनोळखी पोरं रात्री-बेरात्री शेतात शिरू लागली. बांधाला गुडघाभर खड्डे, ठिबकची नळी दोन जागी तुटलेली. नळी जोडता येते हो, पण नाणं कुठे, किती खोल, कशासोबत होतं, हे एकदा उकरलं की कायमचं गेलं.

जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आमच्या गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर हा नियम सोप्या मराठीत लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, जुन्नर तालुका