थीम हॉटेलचं बुकिंग करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. धाकटीने माहितीपत्रकातला समुद्री चाच्यांच्या थीमच्या खोलीचा फोटो कापून उशीखाली ठेवलाय म्हणजे निकाल लागल्यातच जमा आहे. मी आता काय लिहू? तरी थीम पार्कच्या हॉटेलात उतरावं का, असं तू विचारलंस म्हणून सांगतो. राहा, पण एकच रात्र. आणि पैसे कशाचे मोजतोयस ते आधी नीट बघ.

हा धंदा मुळात कसा सुरू झाला ते गमतीचं आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड हे पार्क उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेकडे हॉटेल बांधायला पैसेच उरले नव्हते. शेजारचं डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच माणसाने उभं केलं. भोवती मोटेलांची रांग लागली आणि पार्कच्या जिवावर भलतेच लोक कमवायला लागले. ते हॉटेल डिस्ने कंपनीच्या ताब्यात यायला १९८८ उजाडलं. पण फ्लोरिडात त्यांनी आधी अफाट जमीन घेतली आणि १९७१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडतानाच स्वतःची दोन हॉटेलं तयार ठेवली. त्यातल्या कंटेम्पररीच्या तर पोटातून मोनोरेल जाते. आत झोपणारं कुटुंब आतच जेवतं आणि खेळणीही आतच घेतं, हा त्यातला हिशेब. तेव्हा खोलीचं भाडं बघून नुसता पलंगाचा विचार करू नकोस.

माझ्या मते यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दुपार. लहान पोरं सकाळी उड्या मारतात आणि दोन वाजले की रस्त्यावर बसकण मारतात. खोली दहा मिनिटांच्या चालीवर असेल तर त्यांना झोपवायचं, आपणही पाठ टेकायची आणि संध्याकाळी ताजंतवानं होऊन पुन्हा आत शिरायचं. हॉटेल बाहेर असेल तर पार्किंगपर्यंतची पायपीट, रस्त्यावरची गर्दी, सगळं आलं. एकदा बाहेर पडलेलं कुटुंब बहुधा परत येत नाही आणि महागडं तिकीट अर्धं वाया जातं. काकू बरोबर येणार असतील तर हा मुद्दा दुप्पट मोठा. फक्त ‘रिसॉर्टच्या आत’ या शब्दांवर भाळू नकोस. वॉल्ट डिस्ने वर्ल्डची जमीन जवळजवळ ४० चौरस मैल आहे. तिथलं ‘आतलं’ हॉटेलसुद्धा पार्कपासून बसने लांब असू शकतं. चालत किती मिनिटं, एवढंच विचार.

दुसरी गोष्ट, रांगा. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सकाळी पार्क अर्धा तास आधी खुलं होतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढे तासभर तिष्ठावं लागतं अशी एखादी राइड त्या वेळात आटोपते. अर्थात पोरं वेळेवर उठली तर! फ्लोरिडातल्याच युनिव्हर्सल ऑर्लँडो या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांचं गणित त्याहून मजेशीर आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन महाग हॉटेलांच्या भाड्यात खोलीतल्या प्रत्येकाला रांग टाळायचा एक्सप्रेस पास मिळतो, तोही उतरण्याच्या आणि निघण्याच्या, दोन्ही दिवशी. म्हणजे एक रात्र आणि दोन दिवसांचे पास. हा पास वेगळा घ्यायचा तर माणशी, दर दिवशी पैसे. चौघांचा हिशेब कागदावर मांड, गर्दीच्या दिवसांत महाग खोलीच स्वस्त पडू शकते. (पार्कचं तिकीट वेगळं, आणि त्यांच्या २०२५ साली उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कात हा पास चालत नाही.) उलट पोरांना बघताक्षणी आवडेल असं त्यांचंच रंगीबेरंगी कबाना बे हॉटेल स्वस्त आहे, पण तिथे हा पास नाही.

आता थीमबद्दल, म्हणजे धाकटीच्या मुद्द्याबद्दल. काही हॉटेलांत थीम म्हणजे अंगणात प्रचंड पुतळे आणि खोलीत पडद्यांवर चार चित्रं. फोटो काढून झाले की संपलं. लेगो ठोकळ्यांच्या थीमवरच्या लेगोलँड पार्कांच्या हॉटेलांची गोष्ट वेगळी. तिथे मुलांचा कोपरा निराळा, त्यात एकावर एक पलंग, आणि खोलीतच एक कुलूपबंद तिजोरी. खोलीत फिरून खुणा मोजायच्या, त्यातून कुलपाचा आकडा जुळवायचा आणि आतलं बक्षीस काढायचं. लिफ्टमध्ये शिरलं की डिस्कोचं गाणं सुरू. तुझी धाकटी तिथे वेडी होईल. थोरला मात्र एव्हाना तेरा वर्षांचा असेल, तो फोनवरून मान वर करेल याची खात्री देत नाही. साधारण तीन ते आठ हे वय सोडलं, तर भिंतीवरच्या चाच्यांसाठी जादा पैसे देण्यात राम नाही.

डिस्ने वर्ल्डच्या अॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलमध्ये गॅलरीतून जिराफ दिसतात ते खरं, पण त्याच बाजूची खोली घेतली तर. आणि सार्वजनिक सज्जांतून ते प्राणी तिथे न राहताही बघता येतात. जेवायला म्हणून जा आणि बघून या.

ही हौस किती ताणावी याचंही एक उदाहरण आहे. डिस्नेने २०२२ च्या मार्चमध्ये स्टार वॉर्स सिनेमांवरचं ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हे हॉटेल उघडलं. शंभर खोल्या, खिडकीबाहेर पडद्यावरचं अंतराळ, दोन रात्रींचं सलग नाटक आणि त्यात आपणही एक पात्र. जाऊन आलेले कित्येक जण भारावलेले होते. पण दोघांना जवळपास ४,८०० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला सुमारे ६,००० मोजून असे किती जण येणार? २०२३ च्या सप्टेंबरअखेर ते बंद झालं.

आम्ही एका थीम हॉटेलात उतरलो होतो, नाव घेत नाही. दर्शनी दालन राजवाड्याचं आणि खोलीत नळाला कोमट पाणी. नाश्त्याला ‘तुमच्या लाडक्या पात्रांसोबत’ म्हणून जे काय होतं, त्यात एक मुखवटा दारातून हात हलवून निघून गेला. तेव्हा फोटो हॉटेलचे नको बघूस, उतरून आलेल्यांचे बघ.

सवलतीही कायम राहत नाहीत. डिस्ने वर्ल्डची विमानतळापासूनची फुकट बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. पाहुण्यांकडून रात्रीच्या पार्किंगचे पैसे २०१८ पासून घेत होते, ते २०२३ मध्ये पुन्हा माफ झाले. त्यामुळे ‘आम्ही गेलो तेव्हा मिळालं होतं’ असं कुणी म्हटलं, अगदी मी म्हटलं तरी, बुकिंगच्या दिवशी ताजे नियम वाच.

माझी योजना अशी: आधीच्या रात्री बाहेरच्या साध्या, स्वच्छ हॉटेलात काढा आणि शेवटची थीमवाली ठेवा. उलट केलंस तर साध्या खोलीत शिरताना जे रडं सुरू होईल ते तुझं तू निस्तर. खोली दुपारी तीन-चारशिवाय हातात येत नाही, पण सामान सकाळीच ठेवून घेतात. तेव्हा पहाटेच पोचा, बॅगा टाका आणि थेट पार्कात जा. शनिवार टाळता आला तर टाळ, भाड्यात चांगला फरक पडतो.

वहिनींना विचार, त्यांना काकूंसाठी खालच्या मजल्यावरची खोली हवी आहे का, कारण तसं असेल तर ते बुकिंग करतानाच लिहून द्यावं लागेल. तारखा ठरल्या की कळव. काकूंना नमस्कार, पोरांना खूप आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकमित्र