पेसमेकरच्या कागदावर वायरची जागाही लिहा

मा. संपादक,
स. न.

सीआरटी, म्हणजे हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एका तालात आकसावेत म्हणून लावलेला, बोलीभाषेत तीन वायरींचा पेसमेकर, बसवायचे ठरले की घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कंपनी कोणती, बॅटरी किती वर्षे, एमआरआय चालेल का? डाव्या कप्प्याची वायर नेमकी कुठे बसली, हे सहसा कोणी विचारत नाही आणि डिस्चार्ज पेपरवरही ते अनेकदा नसते. पुढची वर्षे बरी जाणार की पाय सुजून, धाप लागून पुन्हा पुन्हा भरती व्हावे लागणार, यात त्या जागेचा मोठा वाटा असतो.

हृदयाचे पंपिंग (ईएफ) ३५ टक्के किंवा त्याखाली, ईसीजीत डाव्या शाखेचा ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत अडथळा) आणि क्यूआरएसची, म्हणजे खालचे कप्पे आकसतानाच्या लाटेची, रुंदी १५० मिलिसेकंद किंवा जास्त, अशा रुग्णाला सीआरटीचा फायदा सर्वाधिक. त्याच्या डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत उशिरा आकसते. तिला वेळेवर ठोका मिळावा म्हणून कोरोनरी सायनस या हृदयामागच्या मोठ्या शिरेतून त्या भिंतीवरच्या शिरेत वायर सरकवतात. पण शीर हवी तिथे असेलच असे नाही. कधी ती फार बारीक निघते. कधी शेजारून श्वासपटलाची नस जाते आणि ठोक्यागणिक बरगडीखाली उचकीसारखा आचका बसतो. जुन्या हार्ट अटॅकने तिथला स्नायू मेला असेल, तर वायर टेकूनही उपयोग नाही. शिवाय वायर निसटू नये म्हणून ती शिरेत खोलवर, हृदयाच्या खालच्या टोकाकडे ढकलली जाते. आमच्या मते खरी गोम इथेच आहे. मॅडिट-सीआरटी या सीआरटीवरच्या मोठ्या वैद्यकीय चाचणीच्या २०११ मधील विश्लेषणात वायरसाठी पुढची, बाजूची आणि मागची भिंत यांत फारसा फरक दिसला नाही. टोकाशी वायर असलेल्यांत मात्र हार्ट फेल्युअर किंवा मृत्यूचा धोका वाढलेला होता. २०१२ च्या टार्गेट चाचणीत सर्वांत उशिरा आकसणारी जागा इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) आधी शोधून वायर बसवली गेली. सहा महिन्यांनी त्या गटातल्या ७० टक्के रुग्णांचे फुगलेले हृदय बरेच लहान झाले होते, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५५ टक्के.

यावर एक सोपा उपाय असतो. चार इलेक्ट्रोड (ठोका देणारे धातूचे बिंदू) असलेल्या वायरचे टोक खोलवर अडकवून ठोका वरच्या इलेक्ट्रोडमधून देता येतो. आचके बसत असतील, तरी बऱ्याचदा प्रोग्रामरवर (बाहेरून पेसमेकर वाचणाऱ्या व बदलणाऱ्या यंत्रावर) इलेक्ट्रोड बदलून भागते, चिरफाड लागत नाही. अट एवढीच की तपासणाऱ्याला वायर कुठवर गेली आहे हे माहीत हवे.

इकडच्या रुग्णांची अडचण अशी, की यंत्र बसते परळला, तपासणी होते वाशीला किंवा ठाण्याला आणि रात्री धाप लागली तर गाठावा लागतो उरण नाहीतर मुरबाडचा जवळचा दवाखाना. एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीचे यंत्र वाचत नाही. तिथल्या डॉक्टरांच्या हाती उरतो तो ईसीजी. जुना ईसीजी सोबत असेल तर तोही पुष्कळ सांगतो: आधी ईसीजीतल्या लीड १ या रेषेत खाली जाणारा क्यूआरएस आता रुंद होऊन वर गेला असेल, तर डावी वायर सरकल्याची किंवा तिचा ठोका लागत नसल्याची शंका घ्यावी.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतल्या रुग्णालयांना विनंती, की डिस्चार्ज पेपरवर वायर कोणत्या भिंतीवर आणि बुडाशी (हृदयाच्या वरच्या रुंद भागाशी), मध्यावर की टोकाशी आहे ते लिहावे. सोबत कोणत्या इलेक्ट्रोडमधून ठोका दिला जातो, थ्रेशोल्ड (ठोका लागण्यासाठी लागणारी किमान वीज) किती, क्यूआरएसची रुंदी आधी व नंतर किती, हेही यावे. घरी जाण्यापूर्वीचा बारा लीडचा ईसीजी आणि छातीचे समोरून व बाजूने असे दोन्ही एक्स-रे रुग्णाकडे द्यावेत. नुसत्या समोरच्या फिल्मवर वायर पुढच्या भिंतीवर आहे की मागच्या, हे नीट कळत नाही.

नातेवाइकांनी प्रत्येक तपासणीत दोन्ही कप्प्यांना मिळून किती टक्के ठोके यंत्राकडून गेले, हा आकडा मागून घ्यावा. तो ९८ च्या वर हवा. मात्र एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे अनियमित फडफडणे) असेल तर त्या आकड्यावर विसंबू नये. हृदयाचा स्वतःचा ठोका आणि यंत्राचा ठोका एकाच वेळी पडला, तरी यंत्र तो आपल्याच खात्यात धरते. अशा रुग्णाचा होल्टर (दिवसभर चालणारा ईसीजी) करून घ्यावा.

— दोन हृदयोपकरण तंत्रज्ञ, वाशी, नवी मुंबई