बैठकीची वेळ बदलणाऱ्या काकाजींना अनावृत पत्र

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की आपण आधी चहाचा विषय काढता आणि मग सोयाबीनच्या भावाचा, म्हणून हे अनावृत पत्र लिहीत आहे. दुसरेही एक कारण आहे. विदर्भातल्या तालुक्यातालुक्यांत गाणे ऐकणाऱ्यांची लहानमोठी मंडळे चालतात. ती चालवणाऱ्यांच्या वाचनात हे पत्र यावे आणि आपण जे केले ते त्यांनीही करून पाहावे, अशी माझी इच्छा आहे. आपण केलेली गोष्ट सांगायला अगदी लहान आहे. आपल्या मंडळाची शास्त्रीय संगीताची रात्री नऊची बैठक आपण सकाळी साडेसातला आणली.

या बदलाचे मोल कळावे म्हणून आमच्याकडची परिस्थिती सांगते. आमचे खेडे अमरावती जिल्ह्यात, मोझरीपासून फार दूर नसलेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) खंजिरीने आणि त्याआधी गाडगे महाराजांच्या कीर्तनाने घडलेला हा मुलूख आहे. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, कार्तिकातली काकड आरती, हरिनाम सप्ताहातले हरिपाठ हे सारे आम्ही लहानपणापासून गात आलो. महिला भजनी मंडळात पेटीवर मी बसते. असे असूनही शास्त्रीय संगीताची बैठक म्हणजे नागपूर-पुण्याकडची, शिकलेल्या लोकांची, अशी आमची समजूत होती, आणि खरे सांगायचे तर त्या समजुतीला आधारही होता. बैठका रात्री होत, गावाकडे जाणारी शेवटची गाडी त्याआधीच निघून गेलेली असे, आणि एकट्या बाईने रात्री तालुक्याला थांबणे आमच्याकडे अजूनही सोपे नाही.

मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसते, तिच्या शिकवणीसाठी मी रविवारी तालुक्याला येत असे आणि वाचनालयाच्या जिन्यात बसून राहत असे. वरच्या मजल्यावर आपण सतरंज्या घालत होता. "बाहेर काहून बसल्या वो बाई? आत या, सतरंजी लय मोठी आहे," असे आपण म्हणालात. आम्हाला यातले काय समजते, असे मी उत्तर दिले. "समजणाऱ्यांनीच ऐकायचं ठरवलं तं सतरंजी रिकामी राहीन," हे आपले त्यावरचे बोलणे मी नंतर आमच्या मंडळात किती जणींना सांगितले असेल याची गणती नाही. आमच्या बायका आधी हसल्या आणि मग यायला तयार झाल्या.

पण तयार होणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे. आपण एस.टी.त वाहतूक नियंत्रक होता, त्यामुळे कोणत्या गावाला कोणती गाडी मुक्कामी असते हे आपल्याला तोंडपाठ. आमच्या गावची मुक्कामी गाडी पहाटे निघते आणि सातच्या सुमारास तालुक्याला पोहोचते. आणखी तीन-चार गावांचेही तसेच आहे. आपण कागदावर त्या गाड्या मांडल्या, दुपारच्या परतीच्या गाड्या शेजारी लिहिल्या आणि मधल्या वेळात बैठक बसवली. मंडळातल्या काही जुन्या सभासदांना हे रुचले नाही. मालकंस, दरबारी, बागेश्री आता ऐकायचे केव्हा, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. कोजागिरीची एक बैठक रात्रीचीच ठेवायची आणि त्या दिवशी खेड्यांतून आलेल्यांची झोपण्याची सोय सभासदांच्या घरी करायची, हा तोडगा आपणच काढला. वर्गणीचेही तसेच. ती दिवाळीनंतर, कापूस विकला गेल्यावर द्यायची, हे आपण ठरवले नसते तर आमच्यापैकी निम्म्या जणी संकोचानेच गळाल्या असत्या.

आता या बदलातून जे निघाले, ते आपल्यालाही आधी दिसले असेल असे मला वाटत नाही. मैफली बहुधा संध्याकाळी किंवा रात्री होतात, त्यामुळे श्रोत्यांच्या कानावर यमन, पूरिया, बिहाग, मालकंस हेच राग पुन्हा पुन्हा पडतात आणि सकाळचे राग ध्वनिमुद्रिकांतच राहतात. आपल्या बैठकीला मात्र सकाळच मिळाली. दिवसाच्या आठ प्रहरांपैकी सूर्योदयापासूनचे पहिले दोन प्रहर आमच्या वाट्याला आले आणि त्यांच्याबरोबर भैरव, अहिर भैरव, तोडी, देसकार, अल्हैया बिलावल, जौनपुरी हे सारे आले. बारा वाजत आले, छपराचे पत्रे तापायला लागले की सारंग. भैरवी एरवी रात्री कितीही वाजता मैफल संपवायला गातात, आमच्याकडे ती सकाळची म्हणून सकाळीच ऐकू येते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी रागांच्या वेळेची जी मांडणी केली, तीत कोमल, म्हणजे थोड्या उतरवलेल्या, रिषभ-धैवताचे राग संधिप्रकाशाच्या वेळी, मग शुद्ध रिषभ-धैवताचे आणि त्यानंतर कोमल गंधार-निषादाचे, असा क्रम आहे. शुद्ध मध्यम बहुधा सकाळकडे आणि तीव्र, म्हणजे चढवलेला, मध्यम संध्याकाळकडे बोट दाखवतो, हेही त्यांचेच. ही मांडणी आपण आम्हाला फळ्यावर शिकवली नाही. सकाळपासून दुपारपर्यंत एकामागून एक राग ऐकवत नेले आणि शेवटी सांगितले की आपण आज जे ऐकले त्याला असा हिशेब आहे. (कर्नाटक संगीतात वेळेचे बंधन इतके कडक पाळत नाहीत, म्हणजे हा निसर्गाचा नियम नसून आपल्याकडची रूढी आहे, हे आपण त्याच दिवशी सांगून टाकलेत. ते मला फार आवडले. आमच्याकडे रूढीला नियम म्हणण्याची घाई असते.)

देसकाराचा दिवस मला विशेष आठवतो. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर, आमच्या ओळखीच्या भूपाचेच, आणि तरी राग दुसरा. भूप संध्याकाळनंतरचा, गंधारावर विसावणारा, स्वभावाने शांत. देसकार सकाळचा, धैवतावर जोर देणारा आणि वरच्या सप्तकाकडे ओढ असलेला. आपण आधी पेटीवर नुसते पाच स्वर वाजवून दाखवले, मग एकदा गंधारावर थांबून आणि एकदा धैवतावर थांबून तेच स्वर गायलात. आमच्यातल्या एक वयस्क बाई, ज्यांना सही करतानाही त्रास होतो, त्या लगेच म्हणाल्या की पहिला बसला आणि दुसरा उभा राहिला. मंडळातल्या वकीलसाहेबांनी ते वाक्य वहीत लिहून घेतले. त्यानंतर खेड्यातल्या बायका मागच्या रांगेत बसेनाशा झाल्या.

दुसरी गोष्ट तालाची. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो आमच्या हाडात आहे, पण विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, एकताल सुरू झाला की आम्ही बारा मात्रांच्या त्या पसाऱ्यात हरवून जात असू. संथ लयीतला बडा ख्याल ऐकताना सर्वांत मोठी अडचण हीच असते की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, केव्हा येणार हे कळत नाही, आणि ते कळत नसेल तर गवय्या समेवर आल्याचा आनंदही मिळत नाही. आपण आमच्या शेजारी येऊन बसलात आणि सांगितले की शब्द सोडून द्या, तबल्यातले तिरकिट तेवढे धरा. एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीत, ते दोनदा येते, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या मात्रेवर. पहिल्याच्या आधी धिं धिं धागे, दुसऱ्याच्या आधी कत् ता धागे. ते दुसरे तिरकिट ऐकू आले की धी, ना, आणि सम. असे म्हणून आपण सतरंजीवर बोट टेकवलेत, पुढच्या आवर्तनाला फक्त तिरकिटाला बोट हलवलेत आणि त्यापुढच्याला हात मांडीवर ठेवून आमच्याकडे पाहत राहिलात. त्या आवर्तनाला आमच्या पाच-सहा जणींच्या माना एकदम हलल्या, तेव्हा तबल्यावर बसलेला मुलगा हसून बघत होता. संगीताच्या पुस्तकांतून ठेके छापलेले असतात, पण तिरकिट धरून समेपर्यंत कसे जायचे हे कोणी शेजारी बसूनच सांगावे लागते.

आमचे पखवाजी आजोबा केवळ सोबत म्हणून आले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावण्यात त्यांचे आयुष्य गेले, पण तेच वाद्य ध्रुपदाच्या, म्हणजे ख्यालाआधीच्या जुन्या गायकीच्या, साथीला असते, तेथे चौताल आणि चौदा मात्रांचा धमार वाजतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपण ध्रुपदाची ध्वनिमुद्रिका लावलीत. "धा धा दिं ता, किट धा दिं ता" हे बोल त्यांनी गुडघ्यावर वाजवायला सुरुवात केली आणि ध्वनिमुद्रिका थांबली तरी ते वाजवत राहिले.

भजन आणि ख्याल एका सतरंजीवर बसवण्याला मंडळात जो विरोध झाला, त्याबद्दल मी फार लिहीत नाही. तो सभ्यपणे झाला आणि विरोध करणारेच आता आमच्या गवळणी मागून घेतात. आपला युक्तिवाद मात्र नोंदवून ठेवते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, संगीताचे शिक्षण घराण्यांच्या बाहेर आणले, आणि त्याच पलुस्करांनी रामधून गावोगाव पोहोचवली. पुढे पंडित भीमसेन जोशी ख्यालाची मैफल जितक्या निष्ठेने गायले तितक्याच निष्ठेने अभंगवाणी गायले. ज्यांनी शास्त्र सांभाळले त्यांना भजनाची अडचण झाली नाही, मग आपल्यालाच ती का व्हावी, हा आपला प्रश्न होता आणि त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते.

पण आपण आमच्या भजनाला नुसता मानच दिला नाही, त्यातले दोषही सांगितले. याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत, कारण खेड्यातल्या कलेचे शहाणी माणसे एकतर कौतुक करतात किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करतात. तिला दुरुस्तीच्या लायकीचे कोणी समजत नाही. आम्ही पेटीच्या काळी पाच या उंच पट्टीवर सुरुवात करून दुसऱ्या अभंगापर्यंत आवाज फोडून घेत असू, आपण आम्हाला काळी तीनवर उतरवलेत. पेटी बाजूला ठेवून नुसत्या तंबोऱ्यावर गायला लावलेत. भैरवातला आंदोलित, म्हणजे हलकेच झुलणारा, कोमल रिषभ पेटीच्या पट्टीत सापडत नाही, ती एका ठिकाणी ठोकलेली असते, हे मी पेटी वाजवणारी असून मला तंबोऱ्याशेजारी बसल्यावर पटले. याच स्वभावामुळे 1940 मध्ये आकाशवाणीवर, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओवर, पेटीला बंदी झाली होती आणि ती पुढे तीस वर्षे टिकली, हे आपण मला ऐकवलेत आणि वर "तुमची पेटी मी बंद करत नाही, घाबरू नका" असेही म्हणालात.

आणि तंबोरा आपण माझ्या हाती दिलात. पंचम, जोडाच्या म्हणजे षड्जाच्या दोन तारा आणि खर्ज म्हणजे खालचा षड्ज असा क्रम, मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला पहिली तार मध्यमात. खुंटीने सूर जवळ आणायचा आणि मण्याने नेमका करायचा. मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा, जोवर तार बोथट बोलणे सोडून गुंजायला लागत नाही. अशी जवारी, म्हणजे तारेची गुंज, लागली की एका तारेतून तिच्या स्वराशिवाय दुसरे स्वरही ऐकू येतात. खर्जाच्या तारेत गंधार ऐकू येतो हे आपण सांगितलेत तेव्हा मी विश्वास ठेवला नव्हता, आता मी तो येणाऱ्या नव्या बायकांना ऐकवते. बैठकीच्या अर्धा तास आधी येऊन तंबोरा लावणे हे आता माझे काम आहे. मंडळात कामाशिवाय आलेला माणूस पाहुणाच राहतो, आपण मला काम दिलेत.

एक निमंत्रण देऊन पत्र पुरे करते. कार्तिकात काकड्याची समाप्ती झाली की दुसऱ्या दिवशीची बैठक आमच्या गावी, विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात व्हावी, असे आमच्या मंडळाने ठरवले आहे. कापसाची वेचणी तेव्हा सुरू असेल, म्हणून बैठक सहाला सुरू करून नऊपर्यंत आटोपावी, म्हणजे बायकांची मजुरी बुडणार नाही आणि भैरवही आपल्या वेळेवर ऐकता येईल. अडचण एवढीच की तालुक्याहून आमच्याकडे सकाळी गाडी नाही. तेव्हा सर्व सभासदांनी आदल्या संध्याकाळी मुक्कामी गाडीनेच यावे लागेल. झोपण्याची सोय घराघरांतून केली आहे, रात्रीच्या जेवणाला रोडगे आणि वांग्याची भाजी आहे. वकीलसाहेबांना तिखट चालत नाही, त्यांची भाजी वेगळी काढू. तंबोरा मांडीवर घेऊन यावे. त्याच्या तिकिटाचे कंडक्टरशी आपण बोलून घ्यालच.

आपली नम्र,
महिला भजनी मंडळातील पेटीवाली