घर पाडण्याआधी लाद्या काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या घरांबद्दल पेपरात अधूनमधून वाचायला मिळतं. नळे, खांब, शिंपल्यांच्या खिडक्या, सगळ्यावर लोक लिहितात, पण पायाखालच्या लादीबद्दल चकार शब्द नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात फोंडा तालुक्यातलं आमचं आजोळ पाडलं. वाटण्या झाल्या होत्या, छप्पर गळत होतं, त्यात कोणाला दोष देत नाही. जेसीबी सोमवारी येणार होता, मी शनिवारी सकाळी पोचलो तर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस घराच्या मधल्या चौकीत उभा राहून मामीला सांगतोय, ह्या जुन्या लाद्यांना काय किंमत नाही वहिनी, मीच उचलून नेतो, तुमचा टेम्पोचा खर्च वाचेल. म्हणजे फुकटात हो! आणि अशाच लाद्या नंतर किनाऱ्यावरच्या कॅफेत 'पोर्तुगीज टाइल्स' म्हणून मिरवतात.

हे पोर्तुगीज प्रकरणही जरा बघायला पाहिजे. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या भिंतीवर जी निळी चित्रं आहेत ती अझुलेजो, भट्टीत भाजलेली, चकचकीत. आपल्या घरातली जमिनीवरची लादी भट्टीत जातच नाही. साच्यात रंगीत सिमेंट ओततात, त्याच्या मागे रेती-सिमेंट भरतात, हायड्रॉलिक प्रेसने दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, म्हणून चार पिढ्यांनी पाय घासले तरी फूल पुसलं जात नाही. मुंबईत 1922 साली सुरू झालेली भारत टाइल्स आजही ह्याच पद्धतीने लाद्या करते, तेव्हा प्रत्येक जुनी लादी लिस्बनहून बोटीने आली असं समजायचं कारण नाही.

असो. वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं, ते म्हणाले आधी एक फुटकी लादी शोध आणि तिचा बळी दे. ती फोडून जागा केली की बाजूच्या लादीखाली पातळ छिन्नी आडवी सरकवायची आणि हातोडी अगदी हळू मारायची, आमच्या लाद्या चुन्यात बसवलेल्या असल्यामुळे पटापट सुटत गेल्या. फक्त स्वयंपाकघराकडे कोणीतरी मागाहून सिमेंटने डागडुजी केलेली, तिथल्या वीसमधल्या तीनच अख्ख्या निघाल्या.

शहाणपणा मी केला तो पुढे. मागचा चुना लवकर निघावा म्हणून पहिल्या दहा-बारा लाद्यांना बाथरूमचं ॲसिड लावलं. फसफस आवाज झाला, ओघळ पुढच्या बाजूला गेले आणि लादीचा गडद लाल रंग खडूसारखा पांढुरका पडला. सिमेंटच ते, ॲसिड चुन्याला खातं तसं लादीलाही खातं. मग बाकीच्या रात्रभर साध्या पाण्यात ठेवल्या, सकाळी पत्र्याच्या पट्टीने खरवडल्या, काम झालं.

काढायच्या आधी खोलीचा वरून फोटो घ्या आणि निघेल तशी प्रत्येकीच्या पाठीवर खडूने नंबर टाका. आठ इंची लादी, दहा बाय दहाच्या खोलीला 225 लागतात, एकेक पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणजे चारशे किलो माल झाला, तो माळ्यावर चढवू नका. जमिनीवर फळी टाकून पुस्तकांसारख्या उभ्या लावा. आडव्या एकावर एक रचल्या की खालच्यांना तडे जातात.

चौकीत जिथे चवथीला समई असायची तिथल्या दोन लाद्यांवर तेलाचा काळपट डाग आहे. सिमेंट तेल पितं, एकदा आत गेलं की बाहेर येत नाही. भाऊ म्हणाला त्या टाकून दे, मी नाही टाकल्या. नव्या घराच्या देवघरात पहिल्या त्याच बसवणार.

पंचायतीने घर पाडायच्या अर्जात एक रकाना वाढवावा, लाद्या, दरवाजे, खांब यांचं काय करणार म्हणून. एवढं विचारलं तरी घरातली माणसं एकदा खाली बघतील, आणि कॉन्ट्रॅक्टरलाही फुकटात नेता येणार नाही.

आणि एक स्वार्थाचं. बॉर्डरच्या कोपऱ्याच्या लाद्या खोलीला चारच असतात. आमच्या तीन मिळाल्या, चौथी फ्रिजखाली होती, फ्रिज ओढताना फुटली. मातकट लाल जमीन, पांढरी वेल, कोपऱ्यात तीन पाकळ्यांचं हिरवं फूल. कोणाच्या गोठ्यात, विहिरीकाठी पडलेली असली तर तुमच्या पेपरमार्फत कळवावं, मी गाडी घेऊन येतो, फुकट नको.

आपला एक वाचक,
फोंडा