सुसर नव्हे, मगर!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात कृष्णेच्या काठावर उन्हाला पडलेल्या मगरीचा झकास फोटो आला आणि खाली छापलेलं 'महाकाय सुसर'. आमच्याकडं जुनी माणसं मगरीलाच सुसर म्हणतात, लहानपणी मी पण म्हणायचो, त्यात काय नाही. पण छापायचं म्हटलं की सुसर म्हणजे ती चिंचोळ्या लांब तोंडाची, चंबळेतली, मासे खाणारी. आपल्या औदुंबर-भिलवडीच्या डोहात असते ती रुंद जबड्याची मगर, आणि ती माणसावर पण येते. आता कुणी 'सुसर' मोबाईलवर बघितलं की त्याला कळणार ही तर नुसती मासे खाते, मग तो बिनधास्त पाण्यात उतरणार की हो!

मी काय तज्ज्ञ नाही, दुकान सांभाळून रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणारा हौशी माणूस. आणि माती मी पण खाल्लीय.

गेल्या पावसाळ्यात रात्री शेजारच्या काकूंनी हाक मारली, न्हाणीत बंबामागं साप. गेलो, लाईट गेलेली, बॅटरीच्या उजेडात काळपट अंग आणि पांढरे पट्टे दिसले, मोबाईलवर एक फोटो काढला आणि मोठ्या तोऱ्यात बोललो, मण्यार! झालं, पोरांनी काठ्या काढल्या. सकाळी तो फोटो मोठा करून बघतो तर अंग काळं नाहीच, तपकिरी, आणि पट्टे मानेपासनंच चालू, पुढं ठळक, शेपटीकडं पुसट होत गेलेले. मण्यारचं उलटं असतं, पट्टे मानेच्या बरंच मागनं सुरू होतात, जोडीजोडीनं, आणि शेपटीकडं ठळक होत जातात. म्हणजे हा बिचारा कवड्या, बिनविषारी. वर तो भिंतीवर चढत होता, मण्यार सहसा भिंत चढत नाही, एवढं तरी तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं. काकू म्हणाल्या, "जाऊ दे रे, साप तो सापच." मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि उलटी चूक झाली असती तर? मण्यार चावली तर सूज नाही, फारसं दुखत पण नाही, माणूस परत झोपतो आणि तिथंच घात होतो.

म्हणून म्हणतो, वाचकांचा फोटो आला की गाव, महिना, वेळ विचारून घ्या, आणि न कापलेला मूळ फोटो मागवा, कारण लोकं छान दिसावं म्हणून नेमकी शेपूट कापतात. ॲपवर विसंबू नका, अर्धवट फोटोला पण ते एक नाव फेकून मोकळं होतं. सागरेश्वर अभयारण्यातल्या फोटोंना सरसकट 'हरीण' लिहिता ते पण बघा जरा, चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची कधीच नाही, एवढा फरक आहे त्यांच्यात. आणि नाहीच समजलं तर सरळ 'ओळख पटलेली नाही' छापा, वाचक हसणार नाहीत, उलट दहाजण फोन करून सांगतील.

सोबत माझे दोन फोटो जोडलेत, एक अख्ख्या जनावराचा, एक नुसत्या तोंडाचा. छापलेत तर खाली मगर लिहा.

आपला,
एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली